हायड्रोपोनिक्समधील सामू नियंत्रणाचा महिन्याचा खर्च कसा काढावा: विदर्भातील पाण्यासाठी मार्गदर्शन

पॉलिहाऊसमध्ये मातीविना भाजीपाला घेण्याचे ठरवलेला शेतकरी सामू नियंत्रक, म्हणजे पीएच कंट्रोलर, घ्यायला निघाला की पहिली चौकशी यंत्राच्या किमतीची होते. ती किंमत एकदाच द्यावी लागते. त्यानंतर महिन्यामागून महिने जो पैसा जातो तो आम्लावर, सामू मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडवर, मीटर जुळवायच्या बफर द्रावणावर, आम्ल मापून सोडणाऱ्या डोझिंग पंपाच्या नळीवर आणि थोडाफार विजेवर जातो. यांपैकी कोणता खर्च मोठा ठरेल हे मुख्यतः आपल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर अवलंबून असते. म्हणून हा हिशोब पाण्यापासून सुरू करावा आणि यंत्राचे दरपत्रक त्यानंतर हातात घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

बहुतेक पिकांना पोषणद्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ या दरम्यान लागतो. तो ७ च्या वर गेला की लोह, मँगनीज आणि स्फुरद द्रावणात असूनही मुळांना नीट मिळत नाहीत. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी लोहाची कमतरता समजून जादा चिलेट, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह, घालणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे. साध्या ईडीटीए स्वरूपातील लोह साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकते आणि डीटीपीए स्वरूपातील ७.५ पर्यंत, त्यामुळे सामू सांभाळला नाही तर महागड्या चिलेटचा खर्चही वाया जातो. सामू नियंत्रणाच्या खर्चाची तुलना करायची असेल तर ती या वाया जाणाऱ्या खताशी करावी.

पाण्याचा सामू कमी सांगतो, बायकार्बोनेट जास्त सांगते

दोन विहिरींच्या पाण्याचा सामू सारखाच ७.६ असू शकतो आणि तरीही एकीला दुसरीच्या चौपट आम्ल लागू शकते. याचे कारण पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट. आम्ल घातले की ते आधी बायकार्बोनेटशी लढते, त्यातून कर्बवायू बाहेर पडतो, आणि बायकार्बोनेट बरेचसे संपल्यावरच सामू झपाट्याने खाली येतो. पश्चिम विदर्भातील काळ्या पाषाणातून येणारे भूजल साधारणतः कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटयुक्त आणि जड असते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात त्यात सोडियम आणि क्लोराइडचीही भर पडते. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, ती ही की आम्लाने बायकार्बोनेट जाते, पण सोडियम जात नाही. पाण्यात सोडियम फार असेल तर सामू नियंत्रकावर पैसे घालण्याआधी पावसाचे पाणी किंवा आरओ यांचा विचार करावा लागतो.

म्हणून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा पाणी तपासणाऱ्या इतर प्रयोगशाळेत नमुना देताना सामू आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज) एवढ्यावर समाधान मानू नये. कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड यांची तपासणी स्पष्टपणे मागावी. अहवालात बायकार्बोनेट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिलेले असेल तर त्याला ६१ ने भागावे. अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलेली असेल तर तिला ५० ने भागावे. दोन्ही प्रकारे मिळणारा आकडा मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असतो आणि आम्लाचा सगळा हिशोब त्याच्यावर चालतो. बोअरच्या पाण्याची प्रत ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे एक नमुना मे महिन्यात आणि दुसरा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये द्यावा.

उदाहरणासाठी असे पाणी घेऊ ज्यात बायकार्बोनेट ३६६ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ६ मिलिइक्विव्हॅलंट आहे. सामू ५.८ च्या आसपास आणायचा असेल तर यातला साधारण चार-पंचमांश भाग, म्हणजे ४.८ मिलिइक्विव्हॅलंट, आम्लाने संपवावा लागतो. उरलेला एक-पंचमांश मुद्दाम ठेवायचा असतो, कारण तोच पुढे सामूला आधार देतो.

बादलीतील चाचणी

अहवाल हाती येईपर्यंत थांबायचे नसेल, किंवा अहवालातील आकडा पडताळून पाहायचा असेल, तर ही चाचणी घरच्या घरी करता येते. वापरायचे आम्ल आधी दहापट पातळ करावे, म्हणजे ९०० मिली पाण्यात १०० मिली आम्ल सावकाश ओतावे. नेहमी पाण्यात आम्ल घालावे; आम्लात पाणी कधीही ओतू नये, कारण उष्णतेने ते उसळून अंगावर येते. नंतर एका स्वच्छ बादलीत बरोबर १० लिटर पाणी मोजून घ्यावे, त्यात जुळवलेला सामू मीटर ठेवावा आणि सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने थोडे थोडे पातळ आम्ल सोडत, प्रत्येक वेळी ढवळून, सामू लिहीत जावे.

सुरुवातीला आकडा भरभर खाली येतो, मग साडेसहाच्या आसपास रेंगाळू लागतो आणि पाण्यात सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे दिसतात. सामू ५.८ झाला की लागलेले मिली लिहावेत आणि बादली तशीच रात्रभर ठेवावी. सकाळी सामू पुन्हा मोजला तर तो वर गेलेला आढळतो, कारण रात्रीत कर्बवायू उडून गेलेला असतो. पुन्हा ५.८ वर आणायला जेवढे आम्ल लागेल ते कालच्या आकड्यात मिळवावे, आणि तीच खरी गरज मानावी. नियंत्रक बसवलेले अनेकजण पहिल्याच दिवशी तक्रार करतात की यंत्र सारखे आम्ल सोडत राहते. यंत्राचा त्यात दोष नसतो. नुकतेच आम्ल घातलेले पाणी कर्बवायू सोडत असते एवढेच.

वरच्या उदाहरणातील पाण्याला ६० टक्के नायट्रिक आम्लाचे दहापट पातळ केलेले द्रावण १० लिटरमागे साधारण ३७ मिली लागेल. याचा अर्थ १,००० लिटरमागे मूळ आम्ल सुमारे ३७० मिली. हा एक आकडा, म्हणजे हजार लिटरमागे किती मिली, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पुढचा जवळजवळ सगळा हिशोब यावरच उभा राहतो.

आम्ल कोणते घ्यावे

दुकानात सामू कमी करण्यासाठी बहुधा फॉस्फोरिक आम्ल पुढे केले जाते, कारण ते हाताळायला तुलनेने सोपे असते. कमी बायकार्बोनेटच्या पाण्याला ते योग्यच आहे. पण आपल्या उदाहरणातील पाण्याला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल हजार लिटरमागे सुमारे ३३० मिली लागेल आणि त्यातून लिटरमागे जवळपास १५० मिलिग्रॅम स्फुरद द्रावणात जाईल. बहुतेक पिकांच्या द्रावणात स्फुरद ३० ते ६० मिलिग्रॅमच अपेक्षित असतो. जादा स्फुरद कॅल्शियमबरोबर साका होऊन बसतो, ड्रिपर बुजवतो आणि जस्त व लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. जड पाण्यासाठी केवळ फॉस्फोरिक आम्लावर विसंबणे म्हणजे दुप्पट नुकसान ओढवून घेणे होय.

नायट्रिक आम्ल अशा पाण्याला जास्त सोयीचे पडते. वरील मात्रेतून लिटरमागे सुमारे ६७ मिलिग्रॅम नत्र नायट्रेट रूपात मिळते आणि ते पिकाला हवेच असते. शिवाय जड पाण्यात कॅल्शियम आधीपासून असते. त्यामुळे पाण्याचा अहवाल समोर ठेवून कॅल्शियम नायट्रेटची मात्रा कमी करता येते आणि आम्लाच्या खर्चाचा काही भाग खताच्या खर्चातून वळता होतो. हे समायोजन न करता आम्ल घालत राहिल्यास नत्र जादा होते, भाजी लुसलुशीत होऊन लवकर सुकते, आणि शेतकऱ्याला वाटते की आम्लावर फुकट पैसे जात आहेत. सल्फ्युरिक आम्ल मात्रेने सर्वांत कमी लागते. ९८ टक्के आम्ल हजार लिटरमागे सुमारे १३० मिली पुरते. मात्र ते सर्वांत धोकादायक आहे आणि द्रावणात सल्फेट वाढवते, म्हणून अनुभवी माणूस हाताशी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, किंवा व्हिनेगर काही तास सामू खाली ठेवतात. नंतर सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात, सामू पुन्हा चढतो आणि नळ्यांत शेवाळी थर धरतो. स्वस्त वाटणारा हा मार्ग महिनाअखेरीस महागात पडतो.

आम्लाच्या खरेदीबाबत एक कायदेशीर बाब माहीत असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील आदेशानंतर किरकोळ आम्लविक्री करणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवणे, छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहणे आणि खरेदीचे कारण लिहून घेणे आवश्यक झाले आहे, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकता येत नाही. म्हणून ओळखपत्र घेऊन स्वतः जावे आणि बिल जपून ठेवावे. कॅन मूळ डब्यातच, सावलीत, कुलूप लावून, लहान मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावा. नायट्रिक आम्लाजवळ पोती, कुटार, लाकडाचा भुसा किंवा डिझेल ठेवू नये, आणि कोणतेही आम्ल टाकी धुण्याच्या ब्लिचिंगच्या संपर्कात येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात आम्लासाठीचे जाड रबरी मोजे आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली असल्याशिवाय झाकण उघडू नये. आम्ल डोळ्यांत उडाले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत आणि लगेच दवाखाना गाठावा. हा खर्च हिशोबात लहान दिसतो, पण त्यात काटकसर करण्यास मी कोणालाही सांगणार नाही.

महिन्याचा हिशोब

आता दोन आकारमानांचा हिशोब मांडू. पुढील दर केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. त्या जागी आपल्या गावात किंवा तालुक्याला मिळालेला भाव घालावा.

पहिले उदाहरण दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचे. रोज २,००० लिटर नवे पाणी लागते असे धरू. हजार लिटरमागे ३७० मिली या हिशोबाने रोज ७४० मिली, म्हणजे महिन्याला साधारण २२ लिटर आम्ल लागेल; ६० टक्के नायट्रिक आम्लाचे वजन लिटरमागे सुमारे १.३७ किलो भरत असल्याने ते जवळपास ३० किलो होते. भाव किलोला ६० रुपये धरला तर १,८०० रुपये. इलेक्ट्रोड ३,००० रुपयांचा आणि वर्षभर टिकणारा धरला तर महिन्याला २५० रुपये. बफर द्रावणाचे १०० रुपये. पंपाची नळी ४०० रुपयांची, वर्षातून दोनदा बदलायची, म्हणजे महिन्याला ६७ रुपये. नियंत्रक १० वॉटचा आणि चोवीस तास चालू असेल तर महिन्याला ७.२ युनिट, आठ रुपये दराने ५८ रुपये. एकूण सुमारे २,२७५ रुपये, आणि त्यात आम्लाचा वाटा जवळपास चार-पंचमांश. या आम्लातून महिन्याला सुमारे ४ किलो नत्र मिळते. १५.५ टक्के नत्राच्या कॅल्शियम नायट्रेटच्या २५ किलोच्या पोत्यातही जवळपास एवढेच नत्र असते. तेव्हा खतात जेवढी कपात खरोखर केली असेल तेवढी रक्कम आम्लाच्या खर्चातून वजा करावी.

दुसरे उदाहरण १,००० लिटरच्या एका टाकीवर लेट्यूस घेणाऱ्याचे. रोज १५० लिटर पाणी भरावे लागते असे धरले तर आम्ल महिन्याला १.७ लिटर, म्हणजे सुमारे १४० रुपयांचे. इलेक्ट्रोड, बफर, नळी आणि वीज मात्र जवळपास पूर्वीइतकीच राहतात. एकूण खर्च ६१५ रुपयांच्या घरात जातो आणि त्यात आम्ल पाव भागाहूनही कमी. म्हणजे मोठ्या क्षेत्रावर पैसा वाचवायचा असेल तर पाण्याकडे पाहावे, आणि लहान क्षेत्रावर इलेक्ट्रोडकडे. जे उपाय एकाला लाखमोलाचे ठरतात ते दुसऱ्याच्या खिशात विशेष काही टाकत नाहीत, आणि म्हणूनच शेजाऱ्याचा हिशोब जसाच्या तसा उचलू नये.

इलेक्ट्रोड ही झिजणारी वस्तू आहे

नियंत्रक दहा वर्षे टिकेल, पण त्याचा काचेचा इलेक्ट्रोड साधारणपणे एक ते दोन वर्षांत थकतो आणि गरम द्रावणात त्याहून लवकर. चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि नवतप्यात उघड्यावरची काळी टाकी दिवसभर तापत राहते. टाकीला सावली करणे, शक्य असल्यास ती जमिनीत अर्धी पुरणे, हा पिकाच्या मुळांसाठीचा उपाय इलेक्ट्रोडचे आयुष्यही वाढवतो. जादा इलेक्ट्रोड घेऊन ठेवायचा असेल तर एकच घ्यावा, कारण खोक्यात पडून राहिलेला इलेक्ट्रोडही म्हातारा होतो.

इलेक्ट्रोड कधीही कोरडा पडू देऊ नये आणि साध्या, आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नये. त्यातील क्षार बाहेर ओढले जातात. टोपीमध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण ठेवावे. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड मिळाले तर सुमारे २२ ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड पाण्याने एकूण १०० मिली केले की ते घरी तयार होते. खताचे पोटॅश यासाठी वापरू नये. डिस्टिल्ड पाणी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे सीलबंद पाणी चालते.

मीटर पंधरा दिवसांतून एकदा ७.०० आणि ४.०१ च्या बफरने जुळवावा. बाटलीतून १५-२० मिली बफर झाकणात ओतून घ्यावा आणि वापरलेला बफर पुन्हा बाटलीत टाकू नये, कारण त्यामुळे अख्खी बाटली बिघडते. या हिशोबाने २५० मिलीची बाटली सहा महिने सहज पुरते. ज्या मीटरमध्ये मिलिव्होल्ट दिसतात तो या कामी फार उपयोगी ठरतो. ७ च्या बफरमध्ये आकडा शून्याच्या आसपास, म्हणजे उणे ३० ते अधिक ३० या दरम्यान असावा, आणि ४ च्या बफरमध्ये तो त्याहून साधारण १७७ ने जास्त असावा. हा फरक १५० च्या खाली आला की इलेक्ट्रोड बदलण्याची वेळ झाली असे समजावे. त्याआधी मात्र तो स्वच्छ करून पुन्हा तपासावा, कारण जड पाण्यात काचेच्या गोळीवर पांढरा थर बसतो आणि चांगला इलेक्ट्रोडही मंद वाटू लागतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये १०-१५ मिनिटे बुडवून, डिस्टिल्ड पाण्याने विसळून आणि तासभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवून थर निघतो. कापडाने घासू नये. मऊ कागदाने टिपून घ्यावे. या दहा-पंधरा मिनिटांच्या कामाने अनेकांचे इलेक्ट्रोड आणखी काही महिने चालले आहेत.

आपोआप तापमान सुधारणारा मीटर असला तरी तो तापमानामुळे इलेक्ट्रोडच्या वाचनात पडणारा फरक तेवढा दुरुस्त करतो. द्रावणाचा सामू तापमानाने खरोखर बदलतो तो तसाच राहतो. म्हणून रोजची नोंद सकाळी एकाच वेळी घ्यावी.

पंप, नळी आणि वीज

डोझिंग पंपाची मऊ नळी रोलरखाली सतत दाबली जाते आणि आतून आम्लही तिला खाते. साधी सिलिकॉनची नळी तीव्र आम्लात लवकर फाटते. सँटोप्रीनसारख्या आम्लाला दाद न देणाऱ्या नळीची किंमत जास्त असली तरी ती परवडते. त्याहून मोठी बचत आम्ल पातळ करून भरण्यात आहे. दहापट पातळ आम्लाने नळी जास्त टिकते, मात्रा अचूक जाते आणि गळती झालीच तर नुकसान कमी होते. नळी फाटल्यावर बदलण्यापेक्षा ठरलेल्या तारखेला बदलावी, कारण फाटलेल्या नळीतून गळालेले आम्ल पंपाची मोटर आणि नियंत्रकाची पेटी दोन्ही घेऊन जाते.

विजेचा खर्च वर पाहिला तसा नगण्य आहे. वीज नसण्याचा खर्च मात्र मोठा आहे. ग्रामीण फीडरवर दाब कमी-जास्त होतो आणि वीज अचानक जाते-येते, म्हणून नियंत्रकाला स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर असावा, आणि वीज परत आल्यावर जुन्या सेटिंग तशाच राहतात की नाही हे यंत्र घेताना दुकानातच प्लग काढून-लावून पाहावे. इलेक्ट्रोड वाहत्या पाइपमध्ये बसवायचा असेल तर तो यू आकाराच्या वळणात बसवावा, म्हणजे पंप बंद पडून पाइप रिकामा झाला तरी त्या वळणात पाणी साचून राहते आणि इलेक्ट्रोड कोरडा पडत नाही. भारनियमनाच्या भागात ही एक जुळणी वर्षाला एखादा इलेक्ट्रोड वाचवते असे म्हणायला हरकत नाही. तसेच टाकीतील पंप चालू असताना आणि बंद असताना सामूचा आकडा ०.२ पेक्षा जास्त बदलत असेल तर पंपातून पाण्यात वीज झिरपत असण्याची शक्यता धरावी. अशा वेळी पाण्यात हात न घालता आधी मुख्य स्विच बंद करावा आणि तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. इलेक्ट्रोड बदलून काही उपयोग होत नाही.

नियंत्रकाची मांडणी

सामू ५.८ वरच खिळवून ठेवण्याचा अट्टहास महाग पडतो. ५.७ ते ६.२ एवढी मोकळीक द्यावी. पंपाने दोन-तीन सेकंद आम्ल सोडावे, मग द्रावण मिसळण्यासाठी १० ते १५ मिनिटे थांबावे आणि नंतरच पुन्हा मोजावे. आम्ल पडण्याची जागा आणि इलेक्ट्रोड एकमेकांपासून दूर असावेत, नाहीतर एक थेंब पडताच आकडा कोसळतो. सामू वाढवणारा आणि कमी करणारा असे दोन्ही पंप एकाच वेळी स्वयंचलित ठेवू नयेत. एक जरा जास्त सोडतो, दुसरा ते दुरुस्त करायला धावतो, आणि महिनाअखेरीस दोन्ही कॅन रिकामे होऊन ईसी तेवढी वाढलेली असते. विदर्भातील जड पाण्याला सामू वाढवण्याची गरज क्वचितच पडते. ती पडली तर पोटॅशियम बायकार्बोनेट हाताने घालावे.

सर्वांत महत्त्वाची काळजी डोझिंगच्या कॅनची. इलेक्ट्रोड बिघडून सामू जास्त दाखवू लागला तर यंत्र कॅन रिकामा होईपर्यंत आम्ल सोडत राहते. म्हणून कॅनमध्ये पातळ आम्ल फक्त एक-दोन दिवसांपुरतेच भरावे, आणि जास्तीत जास्त डोझिंगची मर्यादा यंत्रात असेल तर ती लावावी. याला एक रुपयाही लागत नाही. आठवड्यातून एकदा हातातल्या पेन मीटरने स्वतंत्रपणे सामू मोजून दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत.

त्याच वहीत रोज किती लिटर पाणी भरले आणि किती मिली आम्ल गेले हेही लिहावे. हजार लिटरमागचे मिली अचानक वाढले तर कारण शोधावे: बोअरचे पाणी बदलले असेल, टाकीत उजेड जाऊन शेवाळ वाढले असेल, कारण शेवाळ दिवसा सामू चढवते, किंवा इलेक्ट्रोड भरकटला असेल. ते अचानक कमी झाले तर आनंद मानू नये. कुजलेली मुळे आणि बुजलेली नळी या दोन्हींची तपासणी आधी करावी.

खर्च खरोखर कुठे कमी होतो

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी मिळते. दहा गुंठे, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर, पॉलिहाऊसच्या छतावर ८०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ८० टक्के पन्हाळीतून साठवता आला तर ६,४०,००० लिटर पाणी हाती येते. या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसते. बोअरच्या पाण्यात ते अर्धे-अर्धे मिसळले की आम्लाची गरजही निम्मी होते. पहिल्या उदाहरणात महिन्याला १५ किलो आम्ल वाचते, आणि खारपाणपट्ट्यात सोडियमही निम्म्यावर येते. साठवणीसाठी प्लास्टिक अस्तराचे शेततळे लागते, आणि उन्हाळ्यातील बाष्पीभवन व शेवाळ टाळण्यासाठी त्यावर आच्छादन घालावे. तळ्यात बोअरचेच पाणी भरले तर आम्लाच्या दृष्टीने काहीही बदलत नाही, हे वेगळे सांगायला नको. केवळ पावसाचे पाणी वापरण्याचा मोहही टाळावा, कारण बायकार्बोनेटचा आधारच नसलेल्या पाण्यात सामू थोड्याशा चुकीने वर-खाली उड्या मारतो. लिटरमागे अर्धा ते एक मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट शिल्लक राहील असे मिश्रण करावे. आरओ यंत्र हे काम बारमाही करते, पण त्याची वीज, मेम्ब्रेन आणि वाया जाणारे खारट पाणी हा वेगळा खर्च आहे, आणि ते खारट पाणी आपल्याच शेतात सोडणे जमिनीला परवडणारे नाही.

दुसरा उपाय खतातच आहे. पीक नायट्रेट शोषते तेव्हा मुळांभोवती सामू वाढतो आणि अमोनियम शोषते तेव्हा कमी होतो. एकूण नत्राच्या ५ ते १० टक्के नत्र अमोनियम रूपात दिल्यास फिरत्या द्रावणातील सामूची चढण मंदावते आणि आम्ल कमी लागते. उन्हाळ्यात द्रावण तापून त्यातील प्राणवायू घटलेला असतो, तेव्हा मात्र अमोनियमचे प्रमाण खालच्या बाजूला ठेवावे, नाहीतर मुळांना इजा होते.

स्वयंचलित नियंत्रक सर्वांनाच लागतो असेही नाही. द्रावण एकदाच देऊन निचरा सोडला जात असेल आणि मोठ्या टाकीत एकदम घोळ तयार होत असेल, तर चांगला पेन मीटर, मोजपात्र आणि वही पुरते. आम्ल आदल्या संध्याकाळी घालून पाणी रात्रभर ठेवावे, सकाळी खते मिसळावीत आणि शेवटी सामू पाहावा. टाकी लहान, झाडे जास्त आणि द्रावण सतत फिरते असेल, किंवा दिवसभर शेतावर कोणी थांबत नसेल, तेव्हा नियंत्रकाचा खर्च सार्थकी लागतो.

उन्हाळ्यात महिना-दीड महिना पीक बंद ठेवणाऱ्यांनी इलेक्ट्रोड काढून, धुऊन, पोटॅशियम क्लोराइडच्या टोपीत घरात थंड जागी उभा ठेवावा. डोझिंग पंपातून आधी स्वच्छ पाणी फिरवावे आणि मग नळी रोलरवरून सोडवून ठेवावी, म्हणजे ती एकाच जागी चेपून राहत नाही. कॅनमध्ये उरलेले पातळ आम्ल तारीख लिहून बंद करावे. पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा लागवड करताना आधी मीटर जुळवावा, नंतर बादलीतील चाचणी नव्या पाण्यावर पुन्हा करावी, आणि हजार लिटरमागचा नवा आकडा वहीत जुन्याखाली लिहून मगच नियंत्रक सुरू करावा.